डॉ. गिब्सन : बागेतून रानाकडे

जुन्नर तालुक्याचा नकाशा वर्गात भिंतीवर लावावा आणि डिंगोरे गावावर बोट ठेवावे. तिथून कल्याणकडे जाणारा हमरस्ता मढवरून माळशेज घाटाला भिडतो. घाटमाथ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो. बोट पूर्वेकडे सरकवत ओतूर, आळेफाटा करत बेल्ह्यापर्यंत नेले, तर पाऊस घटत घटत पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. मधले अंतर जेमतेम पन्नास किलोमीटरांचे. पश्चिमेला हिरडा, जांभूळ, अंजनी, करवंदीच्या जाळ्या; पूर्वेला बाभूळ, बोर, निवडुंग आणि हिवर. एकाच तालुक्यात एवढी विविधता असणे ही वनस्पतींच्या अभ्यासकाला पर्वणीच म्हणायची.

या हिवराच्या झाडावरूनच बहुधा महाराष्ट्रात हिवरे नावाची इतकी गावे झाली. त्यांपैकी जुन्नर तालुक्यातल्या हिवऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारी वनौषधींची बाग होती. ती उभारणारा माणूस डॉक्टर होता, पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या जंगल खात्याचा पहिला अधिकारी झाला. त्यांचे नाव अलेक्झांडर गिब्सन. आपल्या विद्यार्थ्यांना क्यू येथील बागेचे हूकर माहीत असतात, कोलकात्याच्या बागेचे रॉक्सबर्गही एखाद्याने ऐकलेले असतात. गिब्सन मात्र आपल्याच अंगणात राहून गेले आणि आपल्या पुस्तकांत शिरले नाहीत.

गिब्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८०० रोजी स्कॉटलंडमधील लॉरेन्सकर्क या गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण एडिंबरोला झाले. त्या काळी वैद्यकाच्या अभ्यासात वनस्पतिशास्त्र सक्तीचे असे, कारण निम्म्याहून अधिक औषधे झाडपाल्याचीच होती. ती ओळखता न येणारा वैद्य काय कामाचा? हिंदुस्थानातील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या सुरुवातीच्या युरोपीय लोकांमध्ये डॉक्टरांची एवढी गर्दी का, याचे उत्तर इथे आहे. १८२५ मध्ये गिब्सन ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत मुंबईला आले आणि १८३६ मध्ये त्यांच्याकडे दख्खन व खानदेशात देवीची लस टोचण्याचे काम आले.

या कामाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. मुंबईत देवीची लस पोहोचली १८०२ मध्ये, आणि ती प्रथम टोचली गेली अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा शीतपेट्या नव्हत्या. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडात टोचायचा, आठवड्याने त्याच्या फोडातून तिसऱ्याच्या. अशी दंडापासून दंडापर्यंत साखळी चालू ठेवावी लागे. उन्हाळ्यात लस निकामी होई. म्हणून लस टोचणाऱ्यांची फिरती पावसाळा सरल्यावर सुरू होई आणि ऊन तापू लागले की थांबे. गावोगाव मुक्काम, पाटलाशी बोलणे, बिचकणाऱ्या आयाबायांची समजूत घालणे आणि पुढच्या गावाची वाट धरणे असा हा क्रम. गिब्सन यांनी महाराष्ट्र पाहिला तो असा, पायी आणि घोड्यावरून, पिके उभी असताना आणि ओढे आटत असताना. कार्यालयात बसून अहवाल लिहिणाऱ्या साहेबांपेक्षा त्यांच्या लेखनातील निरीक्षणे वेगळी का वाटतात, याचे आम्हाला सुचलेले कारण हेच आहे.

१८३८ मध्ये ते दापोडीच्या उद्यानाचे प्रमुख झाले. इंग्रजी कागदपत्रांत या गावाचे नाव दापुरी असे येते. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याने तेथे पवनाकाठी मोठा बंगला बांधला होता. पेशवाई संपल्यावर मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ती मालमत्ता सरकारसाठी घेतली आणि १८२८ मध्ये तिथे वनस्पती उद्यान सुरू झाले. डॉ. विल्यमसन आणि डॉ. चार्ल्स लश यांच्यानंतर गिब्सन तिसरे प्रमुख. पदाला 'संचालक' असे भारदस्त नाव नव्हते, 'सुपरिंटेंडंट' म्हणत. हाताखाली माळी, आणि वर हिशेब मागणारे मुंबई सरकार.

सरकारचा प्रश्न सरळ असे : या बागेपासून मिळते काय? फुले पाहण्यासाठी कंपनी पैसे देणारी नव्हती. तेव्हा बागेचे काम मुख्यत्वे रोपे व बियाणे आणणे, ती इथल्या हवेत जगतात का पाहणे आणि जगली तर वाटणे हे होते. नव्या जातीचा ऊस, अमेरिकी कापूस, भाजीपाला, फळझाडे अशा अनेक गोष्टींचे प्रयोग झाले. याच सुमारास रोपांच्या प्रवासात एक मोठी सोय झाली होती. लंडनमधील डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास असे दिसले, की बंद काचेच्या भांड्यात ओल्या मातीवर नेचे उगवते आणि पाणी न घालताही जगते. मातीतून व पानांतून निघालेली वाफ काचेवर थिजते आणि पुन्हा खाली येते. या तत्त्वावर केलेल्या काचेच्या पेट्यांतून रोपे जहाजाच्या डेकवर खाऱ्या वाऱ्यापासून सुरक्षित राहून महिनोन्‌महिने प्रवास करू लागली. जलचक्र शिकवताना काचेची बरणी, ओली माती आणि एखादे लहान रोप एवढ्यावर ही पेटी कोणत्याही शाळेत करता येईल.

औषधांचे प्रकरण अधिक गरजेचे होते. सैन्याच्या दवाखान्यांना लागणारी औषधे इंग्लंडहून येत. ती महाग असत आणि प्रवासात बऱ्याचदा निःसत्त्व होत. ज्या झाडाचा अर्क हवा ते झाड इथेच लावले तर? गिब्सन यांनी दापोडीला आणि हिवऱ्याला सोनामुखी व खुरासनी ओवा लावले. सोनामुखीची पाने रेचक म्हणून आपल्या घरांतही वापरली जात. खुरासनी ओवा हे नाव फसवे आहे. त्याचा आपल्या ओव्याशी संबंध नाही. ती धोतऱ्याच्या कुळातील विषारी वनस्पती असून तिचा अर्क वेदना व पेटके कमी करण्यासाठी देत. अशा विषारी औषधाच्या बाबतीत ताजेपणाला फार महत्त्व असते, कारण जुना अर्क दुबळा निघाला म्हणून मात्रा वाढवली आणि पुढची बाटली ताजी निघाली, तर रोगी दगावायचा. हिवऱ्यासारख्या बागेचा उपयोग इथे होता. सरकारी औषधभांडाराला माल जवळून आणि ताजा मिळू लागला.

गिब्सन यांनी बागेसाठी आणखी एक गोष्ट केली, तिचा सरकारी उपयोग फारसा नसावा. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी दापोडीतील वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. तेथील अभ्यासक हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले, तेव्हा ती जगाला पुन्हा माहीत झाली. पाकळ्यांच्या शिरा, फळाचा छेद, पानाची मागची बाजू असे सारे बारकाईने रंगवणारा हा चित्रकार भारतीय होता. त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही. हिवऱ्याला वाफे खणणाऱ्या माळ्यांचीही नावे इतिहासाला ठाऊक नाहीत, पण चित्रांखाली सही करण्याइतकी जागा तर होती!

आता बागेबाहेर येऊ. गिब्सन यांच्या आयुष्यातील महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो.

मुंबईची गोदी त्या काळी जगात नाव कमावून होती. वाडिया घराण्यातील पारशी कारागीर सागवानी लाकडाची जहाजे बांधत. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. सागवान किती टिकते याचा याहून चांगला पुरावा नको. पण सागाला जहाजजोगा घेर यायला पिढ्या जातात आणि तोडायला एक सकाळ पुरते. मलबारमध्ये कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना संरक्षक नेमून जंगलावर मक्तेदारी बसवली होती. लोकांच्या असंतोषामुळे १८२३ मध्ये ती व्यवस्था मोडली. त्यानंतर मोकळीक मिळालेल्या व्यापाऱ्यांनी किनाऱ्याजवळची राने झपाट्याने तोडली. कोकणातून मुंबईला गलबतांनी इमारती लाकूड जाई, जळण जाई, कोळसा जाई. शहर वाढत होते आणि त्याची चूल सह्याद्रीवर पेटत होती.

गिब्सन यांनी कोकणातील राने हिंडून पाहिली आणि १८४६ मध्ये दक्षिण कोकणाबद्दल सरकारला लिहिले. लाकूड संपत आले आहे, एवढीच तक्रार त्यांनी केली असती तर ती गोदीच्या फायलीत जाऊन पडली असती. त्यांनी पाण्याचे सांगितले. डोंगरउतार उघडे झाले, तिथे एकेकाळी उन्हाळाभर वाहणारे झरे आटले, आणि उतारावरची माती वाहून खाली खाड्यांमध्ये साचू लागली. जंगल, झरा आणि खाडी या तीन गोष्टी एका साखळीत जोडणारे हे निरीक्षण आहे. आज पाचवीचा विद्यार्थीही ते पाठ म्हणून दाखवील. १८४६ मध्ये सरकारदरबारी ते मांडणे नवीन होते.

अगदीच नवीन होते असे नाही. १८०० मध्ये हुंबोल्ट यांनी व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराचे पाणी ओसरलेले पाहिले आणि त्याचा संबंध भोवतालच्या जंगलतोडीशी लावला. पुढे बुसेंगो यांनी त्यावर अधिक काम केले. हे विचार हिंदुस्थानातील डॉक्टर मंडळींनी वाचलेले होते. गिब्सन यांच्याजवळ त्यांना जोडायला सह्याद्रीचा अनुभव होता. १८५० मध्ये एडिंबरोला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात उष्ण प्रदेशांतील जंगलतोडीच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली गेली आणि ह्यू क्लेगहॉर्न यांनी १८५१ मध्ये तिचा अहवाल मांडला. त्यात गिब्सन यांच्या निरीक्षणांचाही आधार घेतलेला आहे.

शास्त्र म्हणून या मताची आज परीक्षा केली तर काय दिसते? हा भाग वरच्या वर्गांना अवश्य सांगावा, कारण इथे आपण शिक्षकही एक चूक पुष्कळदा पक्की करून देतो. 'झाडे लावा, पाऊस पडेल' हे वाक्य तपासून घ्यायला हवे. माळशेजवर पाऊस पडतो तो अरबी समुद्रावरून आलेले बाष्पभारित वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात आणि थंड होतात म्हणून. डोंगरावरचे जंगल गेले म्हणून डोंगर बुटका होत नाही. विस्तीर्ण वनप्रदेश बाष्प परत हवेत सोडून दूरच्या पावसाला हातभार लावतात हे खरे, पण एका तालुक्यातील वनराईने त्या तालुक्याचा मोसमी पाऊस फारसा बदलत नाही. झऱ्यांचे आणि मातीचे मात्र गिब्सन यांना बरोबर दिसले होते. रानातील जमिनीवर पाचोळा असतो, मुळांनी आणि गांडुळांनी माती पोकळ केलेली असते. तिथे थेंबाचा जोर मोडतो, पाणी मुरते. उघड्या, गुरांनी तुडवलेल्या उतारावर ते माती घेऊन पळते. तरीही यात एक गाठ आहे : झाडे स्वतः पुष्कळ पाणी पितात. म्हणून जंगल वाढले की उन्हाळ्यात ओढा हमखास वाहीलच असे नाही; माती किती खोल, खडक कसला, झाडे कोणती, यावर ते ठरते.

वर्गात दोन पत्र्याचे ट्रे घ्यावेत. एकात मुळांसकट उचललेला गवताचा थर, दुसऱ्यात तेवढीच मोकळी माती ठेवावी. दोन्ही सारख्या उताराने टेकवून झारीने सारखे पाणी घालावे. खाली जमलेले पाणी मोजावे, आणि ते किती वेळ ठिबकत राहते तेही घड्याळ लावून पाहावे. दुसऱ्या ट्रेखालच्या भांड्यातील गढूळ पाणी रात्रभर स्थिर ठेवले, की कोकणातील खाडीत काय झाले ते सकाळी तळाशी दिसते.

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. मलबारचा जुना प्रयोग वगळला, तर टिकून राहिलेले जंगल खाते हिंदुस्थानात प्रथम इथे उभे राहिले. मद्रासमध्ये क्लेगहॉर्न यांची नेमणूक व्हायला १८५६ साल उजाडले आणि सबंध देशासाठी ब्रँडिस यांची १८६४. वनसंरक्षक झाल्यावरही गिब्सन यांचा दापोडीशी संबंध तुटला नाही. चित्रांची वर्षे पाहिली तर ते लक्षात येते. एव्हाना १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांची नवी मागणी जंगलावर येऊन आदळली. गोदीपेक्षा हे गिऱ्हाईक मोठे होते.

आता याची दुसरी बाजू. डोंगरउतार राखायचे म्हणजे तिथे राहणाऱ्यांना काही गोष्टी करू द्यायच्या नाहीत, असा अर्थ खात्याने लावला. उतारावरचे रान तोडून, जाळून, दोन-तीन वर्षे नाचणी-वरई घ्यायची आणि मग ती जागा सोडून द्यायची, ही दळीची शेती. कानडी मुलखात तिला कुमरी म्हणत. गिब्सन या शेतीच्या विरोधात होते. त्यांनी पाहिलेली धूप खरी होती. पण मुंबईसाठी गलबते भरून लाकूड नेणारा व्यापारी आणि वर्षभराच्या नाचणीसाठी डोंगराचा एक तुकडा जाळणारे कुटुंब यांना एकाच तराजूत घालणे न्याय्य होते का? आमच्या मते नव्हते. डोंगरातल्या लोकांचे रान शेकडो वर्षे टिकले आणि गोदीच्या व इंधनाच्या बाजाराने ते काही दशकांत उतरवले, हे कोकणात हिंडलेल्या गिब्सन यांना दिसले नसेल असे वाटत नाही. नियम करणे मात्र दुर्बळावर सोपे असते.

गिब्सन निवृत्त झाल्यानंतर १८६५ आणि १८७८ चे कायदे आले आणि ही पकड आवळली. भाताच्या रोपासाठी राब भाजायला लागणारा पालापाचोळा व टहाळ हा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, ठाणे-कुलाब्यात शेतीचा पायाच होता. तो तोडण्यावर बंधने आली. शेतकऱ्यांची गुरे जंगल खात्याने रानाबाहेर काढल्याची तक्रार जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये केली आहे. असंतोष इतका वाढला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला आणि राबाचा प्रश्न त्याच्या चौकशीत ठळकपणे आला. डिंगोऱ्याच्या पश्चिमेकडील गावांतून आपल्या शाळांत येणाऱ्या महादेव कोळी मुलांच्या घरी या विषयावर आजही बोलणे निघू शकते. बाळहिरडा गोळा करून विकणे हा त्यांच्या घरचा उन्हाळी आधार आहे. 'रान कोणाचे?' हा प्रश्न त्यांना पुस्तकात वाचावा लागत नाही.

गिब्सन यांनी स्वतः लिहिलेले आणि आजही उपयोगी पडणारे काम म्हणजे 'बॉम्बे फ्लोरा'. हे पुस्तक त्यांनी निकोल डाल्झेल यांच्याबरोबर केले आणि ते १८६१ मध्ये मुंबईत भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापले गेले. डाल्झेल मूळचे जकात खात्यातले. नोकरी करता करता वनस्पती गोळा करणारे. त्याआधी १८३९ मध्ये जॉन ग्रॅहम यांची मुंबई परिसरातील वनस्पतींची यादी निघाली होती. यादीत नावे असतात. 'फ्लोरा'त वर्णन असते, म्हणजे हातात फांदी धरून पुस्तकावरून झाड ओळखता येते. नंतर थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ पुरा केला आणि डाल्झेल-गिब्सन मागे पडले. तरी कुक यांच्या पानापानांवर त्या दोघांचा उल्लेख भेटतो. गिब्सन यांचे नाव एका आमरीलाही मिळाले आहे : हॅबेनारिया गिब्सनाय. पावसाळ्यात पठारावर गवतातून वर येणारी ही हिरवट-पांढऱ्या फुलांची जमिनीवरची आमरी सह्याद्रीत भेटते.

निवृत्त होऊन गिब्सन स्कॉटलंडला परतले आणि १६ जानेवारी १८६७ रोजी वारले. त्याआधीच १८६५ मध्ये दापोडीची बाग संपली. गव्हर्नरांसाठी गणेशखिंडीत नवा प्रासाद बांधायला घेतला होता, त्यासाठी दापोडीची मालमत्ता विकली गेली. १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवी वनस्पती बाग सुरू झाली. ती आजही आहे आणि जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालेली आहे. हिवऱ्याची औषधी बाग टिकली नाही.

गिब्सन यांच्यानंतर वनसंरक्षक झालेल्या डाल्झेल यांनी याच सुमारास जुन्नरच्या परिसरातून एक वनस्पती जगापुढे आणली. कड्यांच्या कपारीत वाढणारी, मांसल खोडाची, तपकिरी-तांबड्या चांदणीसारख्या फुलांवर पिवळे ठिपके असलेली शिंदळ माकुडी. तिच्या जवळच्या नात्यातल्या वनस्पतींना पाने जवळपास नसतातच, हिला मात्र चांगली ठसठशीत येतात. शिवनेरीच्या परिसरातील ही वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रात सापडते आणि दुर्मिळ आहे. डाल्झेल यांनी तिला फ्रेरिया असे नाव दिले. अलीकडे काही शास्त्रज्ञ तिला बौसेरोसिया या प्रजातीत घालतात, पण जातीच्या नावात 'फ्रेराय' राहिलेच आहे. ते नाव आहे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे, ज्यांच्या कारकिर्दीत दापोडीची बाग विकली गेली.